सुट्टी नंतर घ्या, आधी आकडा कुणाला तरी सांगा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चार वर्षांचा धंदा, हाताखाली सात माणसं. पहाटे तीनला जाग येते, अनोळखी नंबरवरून फोन आला की छातीत धडधडतं, आणि गेल्या महिन्यात मोठं काम मिळालं तरी काहीच वाटलं नाही. पंधरा दिवस सुट्टी घेतली तर फरक पडेल का, असं विचारलंय.

आत्ता नाही पडणार. मी घेऊन पाहिली आहे. आठ दिवस बाहेर होतो, पण डोकं वसुलीतच अडकलेलं. परत आलो तेव्हा येणी होती तिथेच, आणि ज्यांचे पैसे द्यायचे त्यांचे आठ दिवसांचे फोन साठलेले.

तुमच्या एवढ्या मोठ्या मजकुरात एक वाक्य जाता जाता आलंय : 'घरी यातलं काही माहीत नाही.' मला विचाराल तर सगळी गोम तिथेच आहे.

माझं धंद्यातलं हे सतरावं वर्ष. सहाव्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले. वर्षाच्या उलाढालीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. बायकोला सांगितलं, जरा उशीर होतोय. भागीदाराला निम्मी रक्कम सांगितली. कामगारांसमोर चेहरा हसरा. मग कुणाला काय सांगितलंय याचाच हिशेब ठेवावा लागायला लागला. दोन वह्या ठेवणाऱ्याचं होतं तसं. काम पूर्वीइतकंच होतं, दहा तास. त्याने मी कधी दमलो नव्हतो. दमवत होतं ते लपवणं.

हे माझंच काही खास नव्हतं, हे पुढे कळलं. कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन यांनी गुपितांवर बरंच काम केलंय. त्यांच्या २०१७च्या अभ्यासात असं दिसलं की समोरच्यापासून लपवण्याचे प्रसंग त्यामानाने कमी येतात. माणूस एकटा असताना मन पुन्हा पुन्हा त्या गुपिताकडे वळतं ते जास्त, आणि त्रासाचा संबंध त्या वळण्याशी आहे. पहाटे तीनला तुमच्यासमोर कोण असतं? कुणीच नाही. तरी जाग येतेच ना.

माझं गुपित मी फोडलं नाही, ते फुटलं. बँकेचं पत्र बायकोच्या हाती पडलं. ती चिडली, पण पैशांवरून नाही. म्हणाली, 'म्हणजे आठ महिने मी कुणाशी बोलत होते?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण त्या रात्री मी सहा तास सलग झोपलो. कर्ज तेवढंच होतं, गिऱ्हाईकही तेच.

दुसऱ्या दिवशी तिने मला तीन आकडे लिहायला लावले, तेच तुम्हीही लिहा. खात्यात आज किती आहेत. पुढच्या तीन महिन्यांत नक्की किती येणार. 'बहुतेक देईल' वाला यात धरायचा नाही. आणि पगार, भाडं, हप्ते, कर धरून दर आठवड्याला किती जाणार. यावरून धंदा किती आठवडे तग धरेल ते निघतं. आमचे अकरा आठवडे निघाले. वाईटच आकडा. पण त्याआधी माझ्या डोक्यात आकडाच नव्हता, 'बुडालो' एवढा एकच शब्द होता. अकरा आठवड्यांत काय करता येईल यावर निदान बोलता तरी येतं. 'बुडालो'वर काय बोलणार?

सांगायचं कुणाला? घरात एकाला, पूर्ण. धंद्यातल्या एकाला, जो तुमचा स्पर्धक नाही आणि ज्याने स्वतः एकदा तरी मार खाल्लाय. बस. कामगारांपुढे मन मोकळं करू नका; त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो, तुमचं ओझं त्यांनी का उचलायचं? पण पगार लांबणार असेल तर तारखेच्या आधी सांगा आणि नवी तारीख द्या. त्यांना कुणकुण लागलेलीच असते.

घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून चालत असेल तर वेगळा करा, स्वतःला ठरावीक पगार घ्या, आणि घरातले किती पैसे धंद्यात घालायचे याची हद्द आजच लिहून ठेवा. अडचणीत असताना ती हद्द आपण हमखास पुढे सरकवतो. हे मी फार उशिरा केलं, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता झोप. पहाटे पाचला उठा असे सल्ले तुम्हाला पुष्कळ मिळतील. तुम्ही तर तीनलाच उठताय! सलग सतरा तास जागं राहिलं की माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी घसरते, हे १९९७ सालीच मोजलं गेलंय. त्या अवस्थेत आपण भागीदाराला लांबलचक मेसेज पाठवतो. माझा नियम असा आहे की रात्री नऊनंतर ना निर्णय, ना उत्तर, ना बँकेचं ॲप. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर. २०१८च्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्याआधी राहिलेली कामं लिहिली, बाकीच्यांनी झालेली. राहिलेली लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग छोटा आहे, पण कागद-पेन्सिलीला जातंय काय?

काम मिळूनही काहीच वाटलं नाही, हे मात्र हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात 'बर्नआउट'ची तीन लक्षणं दिलीयत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. तिथे तो आजार मानलेला नाही, कामाशी जोडलेली अवस्था मानली आहे. म्हणून स्वतःला विचारा : फक्त कामातलाच रस गेलाय, की मित्र, पोरं, आवडती गाणी, सगळंच फिकं झालंय? सगळंच फिकं, आणि तेही दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर माझे तीन आकडे बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. ते कदाचित 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची यादी भरून घेतील, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करतात. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो, त्याचं उत्तर खरं द्या. 'मी नसतो तर सगळे सुटले असते' असं मनात येत असेल तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. आज कुणाला तरी जवळ बोलवा, हेल्पलाइनला फोन करा किंवा सरळ इस्पितळ गाठा. तापात माणूस बरळतो ना, तसा आजारी मनाचा तो विचार असतो. तो हिशेब खरा नसतो.

घरी सांगताना शब्द फुटत नसतील तर आकड्यांचा कागद नुसता पुढे ठेवा. आमच्याकडे तो अजून चालू आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं बसतो. मागच्या वेळी एकोणीस आठवडे निघाले होते. त्यातले दोन तिने खोडले, कारण एका पार्टीच्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता.