कोळंबीच्या टरफलांत करिअर?

पत्र : मुलगी रत्नागिरीत टी. वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र. कोळंबीच्या टरफलांतून हरित द्रावकांनी (कमी प्रदूषण करणाऱ्या, पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांनी) कायटिन हा चिवट पदार्थ काढण्यावर पुढे संशोधन करायचं म्हणते. आम्हाला वाटतं तिने बी.एड. करावं. तिची आई विचारते, ‘एवढं शिकून घाणच उपसणार का?’ – एक पालक

सप्रेम नमस्कार,

वहिनींचा प्रश्न वाचून हसू आलं, पण तो रास्त आहे. वास येणारच. टरफलं काही तासांत कुजायला लागतात.

पण सोड्यांसाठी कोळंबी सोलताना जी डोकी-टरफलं आपण टाकतो, ती कोळंबीच्या वजनाच्या जवळपास निम्मी भरतात. त्यात चुना (कॅल्शियम कार्बोनेट), प्रथिनं आणि कायटिन असतं. कायटिनपासून होणारं कायटोसान रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांत आणि पाणी शुद्ध करायला वापरतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत यावर जुनं काम आहे, म्हणजे मुलगी हवेत बोलत नाही.

कारखान्यांची रूढ रीत अशी : चुना घालवायला हायड्रोक्लोरिक आम्ल, प्रथिनं काढायला कॉस्टिक सोडा. मग ते सांडपाणी सांभाळत बसा. मुलीचा विषय, म्हणजे त्याऐवजी सौम्य द्रावक वापरणं, इथून सुरू होतो. कोलीन क्लोराइड (कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तेच) ३०२ अंशांना वितळतं, युरिया १३३ला. एकास दोन प्रमाणात एकत्र केले की मिश्रण १२ अंशांपर्यंत द्रवच राहतं! इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या अँड्र्यू ॲबट यांच्या गटाने हे २००३ साली दाखवलं. युरियाच्या जागी लॅक्टिक किंवा मॅलॉनिक आम्ल घेतलं, की तेच द्रावण चुना विरघळवतं, प्रथिनं सुटी करतं आणि कायटिन मागे ठेवतं.

मेख पुढे आहे. द्रावण मधासारखं दाट असतं आणि वापरल्यावर त्यात क्षार-प्रथिनं साठतात. ते स्वच्छ करून पुन्हा वापरता आलं नाही, तर ‘हरित’ हे नुसतं लेबल. पट्टीसाठीच्या मालात प्रथिनाचा अंश राहिला, तर ॲलर्जीचीही धास्ती. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, तेव्हा समुद्रातला कच्चा माल कुठला?

म्हणून माझं मत : तिने कोळंबीला नव्हे, द्रावक आणि पृथक्करणाच्या रसायनशास्त्राला धरावं. सेंद्रिय किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करावी. आयआयटीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी, माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) ही बघावी. पुढे पीएच.डी.साठी नेट परीक्षा आणि पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा). टरफलांचा विषय फसला, तरी हे कौशल्य औषध कंपन्यांत चालतं. लगेच स्टार्टअपच्या नादी मात्र लागू नये. बी.एड.चा मार्ग एम.एस्सी.नंतरही मोकळा राहतो.

तोवर एक करा. धुतलेलं टरफल वाटीभर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायला तिला सांगा. बुडबुडे येतील, सकाळी ते मऊ, लवचिक झालेलं असेल. वहिनींना दाखवायला ती वाटी पुरे. आणि सुट्टीत एकदा तिला कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये दिवसभर पाठवा. तिथून परतल्यावरही ती हेच म्हणाली, तर अर्जाची फी भरून टाका.