पॅरिसहून ट्रेनने लियाँला दोन दिवस जायचं आहे. जुनं शहर आणि तिथलं खाणं कसं जमवावं? सोबत एक जण शाकाहारी आहे.

आधी वार ठरवा, मग तिकीट काढा. लियाँमधली बरीच बुशाँ (तिथली पारंपरिक खाणावळ) रविवारी आणि सोमवारी बंद असतात, काही तर शनिवारीही. सोमवारी झाकलेला बाजारही बहुतांशी बंद असतो. त्यामुळे मंगळवार ते शुक्रवार यांतले दोन दिवस घ्या. रविवारी दुपारी पोचून सोमवारी परतलात, तर इमारती दिसतील पण जेवण हुकेल.

लियाँची गाडी पॅरिसच्या 'गार द लियाँ' या स्टेशनवरून सुटते आणि साधारण दोन तासांत पोचते. तिकीट काढताना उतरायचं स्टेशन 'लियाँ पार-द्यू' आहे ना, हे नीट पाहा. काही स्वस्त तिकिटं 'सेंतेक्झुपेरी' या विमानतळाच्या स्टेशनची असतात. तिथून शहरात यायला वेगळी ट्राम आणि वेगळं भाडं लागतं, मग स्वस्ताई कसली! युरेल पास असला तरी टीजीव्हीत (फ्रान्सची अतिवेगवान गाडी) सीटचं आरक्षण वेगळं करावं लागतं. गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात. पुष्कळदा दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. म्हणून डब्याचा नंबर फलाटावरच बघून चढा. पार-द्यूला गाडी काही मिनिटंच थांबते आणि बऱ्याचदा पुढे मार्सेकडे निघते. वरच्या मजल्यावर बसला असाल तर सामान आधीच खाली आणून ठेवा.

स्टेशनच्या व्हिव्हिए-मेर्ल बाजूने बाहेर पडा. मेट्रो बीने दुसरं स्टेशन साक्स-गाँबेता, तिथे बदलून मेट्रो डीने गार द व्हेझच्या दिशेला तिसरं स्टेशन 'व्ह्यू लियाँ', म्हणजे जुनं शहर. तासाभराच्या एकाच तिकिटात हा बदल बसतो.

1998 पासून लियाँचा ऐतिहासिक भाग युनेस्कोच्या यादीत आहे. इथे त्राबूल पाहायचे, म्हणजे इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणारे बोळ. जुन्या शहरातला सगळ्यात लांब त्राबूल 54, र्‍यू सें-जाँ इथून 27, र्‍यू द्यू बफ इथे निघतो. दाराशेजारचं बटण दाबून दार ढकला. वर लोक राहतात, तेव्हा आवाज खाली ठेवा. सकाळी जा, संध्याकाळी बरीच दारं कुलूपबंद होतात. मग फ्युनिक्युलरने (दोराने चढावर ओढली जाणारी गाडी) फुर्विएर टेकडीवर जा. बॅसिलिका आणि रोमन थिएटर पाहून पायी उतरा. चढण दमवते, उतरण सोपी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रो सीने क्रुआ-रूस या टेकडीवरच्या वस्तीत जा. सोमवार सोडून रोज तिथल्या बुलेव्हारवर (रुंद रस्त्यावर) भाजीबाजार भरतो. इथल्या घरांची छतं सुमारे चार मीटर उंच आहेत, कारण रेशीम विणणाऱ्या कान्यू मंडळींचे जकार्डचे माग आत मावायला हवे होते. तिथून 9, प्लास कोल्बेर इथल्या 'कूर दे व्होरास'च्या दगडी जिन्याने खाली या.

आता जेवण. दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी 7 नंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. दुपारचा ठरलेला मेन्यू रात्रीपेक्षा स्वस्त पडतो. साधं पाणी 'कराफ दो' म्हणून मागा, ते फुकट मिळतं.

पहिल्यांदा जात असाल तर कनेल मागवा. पाइक मासा, पीठ, अंडी आणि लोणी यांचा हा लांबट गोळा चिंगाटीसारख्या गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या नाँतुआ सॉसमध्ये भाजतात. ओव्हनमधून येताना तो टम्म फुगलेला आणि कडेला तपकिरी असतो. पाच-दहा मिनिटांत बसतो. फोटो नंतर, आधी चमचा घाला. आतून तो इतका हलका हवा की चमच्यानेच तुटेल. चिवट लागला तर तो पुन्हा गरम केलेला किंवा पीठ जास्त झालेला असतो.

'ताब्लिए द सापर' म्हणजे गाय-बैलाच्या पोटाची वजडी, ब्रेडचा चुरा लावून तळलेली. 'आँदुयेत' हा आतड्यांचा सॉसेज, वास उग्र. गोमांस किंवा डुकराचं मांस वर्ज्य असेल तर ऑर्डर देण्याआधीच विचारा.

शाकाहारी माणसाला बुशाँमध्ये निवड थोडी, पण उपाशी राहावं लागत नाही. 'सेर्व्हेल द कान्यू' म्हणजे ताज्या मऊ चीजमध्ये शॅलट, चाइव्हज, तेल आणि व्हिनेगर. लियाँ सॅलड 'साँ लार्दों' म्हणून मागा, म्हणजे डुकराचे तुकडे येणार नाहीत. पोच्ड अंडं मात्र असतं. सोबत ग्रातँ दोफिनुआ, म्हणजे सायीत भाजलेला बटाटा. बाजारात बिनमाशाची 'कनेल नातूर'ही मिळते, पण तिच्यातही अंडी असतातच. फ्रेंच चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट (दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेलं द्रव्य) सर्रास असतं. त्याबाबत काटेकोर असाल तर दुकानात 'प्रेझ्यूर व्हेजेताल' आहे का विचारा.

परतीच्या दिवशी 'ले आल द लियाँ पोल बोक्यूज' हा झाकलेला बाजार ठेवा. पार-द्यूहून तो चालत दहाएक मिनिटांवर आहे. तिथून सें-मार्सलँ चीज आणि गुलाबी प्रालीनचा (साखरेत घोळवलेले बदाम) टार्ट घ्या. चीज पिकलेलं असेल तर वाहतं, म्हणून डबीतच घ्या आणि गाडीत डबी कलती ठेवू नका.