काडतूस, पुंगळी आणि बुडावरचा ठसा

प्रश्न असा आहे: घरातल्या जुन्या ट्रंकेत पितळेची रिकामी नळी सापडली. बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं, मधे बाणासारखी खूण, शिवाय ४२ आणि रोमन सात. हिला काडतूस म्हणायचं की पुंगळी? आणि ती बेचाळीसच्या चळवळीतली असेल का?

पुंगळी म्हणा. काडतूस म्हणजे अख्खा ऐवज: पुंगळी, तिच्या पोटात दारू, तोंडाशी गोळी, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, मागे उरते ती पुंगळी. पंचनाम्यात 'जिवंत काडतुसे' आणि 'पुंगळ्या' वेगवेगळ्या मोजतात, ते याचसाठी. 'रिकामं काडतूस' चूक नाही, पण एका शब्दात भागत असताना दोन कशाला?

काडतूस आपल्याकडे आलं पोर्तुगीजांकडून, आणि त्या शब्दाच्या मुळाशी आहे कागद. वस्तूही कागदाचीच होती. १८५७ साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती एन्फील्ड बंदुकीची काडतुसं म्हणजे दारू आणि गोळी भरलेली वंगण लावलेली कागदी सुरळी. टोक दाताने तोडायचं, दारू बंदुकीच्या नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची. पितळ मागे राहण्याचा सवालच नव्हता. तेव्हा 'सत्तावन्नच्या एन्फील्डची अस्सल पुंगळी' म्हणून कुणी पितळी नळी विकायला आणली, तर चहा पाजून वाटेला लावा.

आता ठसा. इंग्रजीत पुंगळीच्या या टोकाला डोकं म्हणतात, म्हणून ते हेडस्टॅम्प. आपण नळी उभी ठेवतो, आपल्याला ते बूड दिसतं. 'बुडावरचा ठसा' पुरे. शीर्षमुद्रा वगैरे घडवू नये, भरतनाट्यम आठवतं.

के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी. खडकीचं साहेबाच्या तोंडी किर्की झालं होतं. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. बाण ही सरकारी मालाची खूण. रोमन सात म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या, म्हणजे .३०३ इंची रायफलीच्या, काडतुसाचा सातवा नमुना, टोकदार गोळीचा, १९१० साली आलेला. पट्टीने मोजून पाहा: पुंगळी साधारण ५६ मिलिमीटर भरेल आणि बुडाची कड बाहेर आलेली असेल. ४२ म्हणजे १९४२.

पण हे साल घडवल्याचं, झाडल्याचं नव्हे. दारूगोळा कोठारात वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि थ्री नॉट थ्री रायफली तर २००८ च्या हल्ल्याच्या रात्रीही मुंबई पोलिसांच्या हातात होत्या. ठशावरून एवढंच ठरतं की १९४२ च्या आधी ती झाडलेली नाही. चळवळीशी नातं जोडायचं तर घरातला कागद किंवा खात्रीची आठवण हवी.

के एफच्या जागी ओ एफ व्ही दिसलं तर माल जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचा. तो कारखानाच १९६४ चा.

आणि जाड, बुटक्या काडतुसाच्या बुडावर १२ दिसलं म्हणून १९१२ साल धरू नका. ती बारा बोअरची शिकारी बंदूक. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं तिच्या नळीचं तोंड.