फ्रिजवरचा गम, फॅनवरचा चिकटा आणि वाटीभर पेट्रोल

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर कित्येक वर्षांचा तेलकट चिकटा बसलाय. फॅन बसवणारा म्हणाला, वाटीभर पेट्रोल घ्या, पाच मिनिटात चकाचक. मिस्टरांनी बाटलीत आणूनही ठेवलंय. शिवाय फ्रिजच्या दारावरचं स्टिकर काढल्यावर गम राहिलाय, त्याला थिनर लावू का? घरात लहान मूल आहे म्हणून विचारते. – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, विचारलंत ते बरं केलंत. फॅनवाला खोटं बोलत नाहीये हां, पेट्रोलने चिकटा झटक्यात निघतो, पण तो उघड्यावर बसून पार्ट धुणार आणि तुम्ही बंदिस्त स्वयंपाकघरात, शेजारी शेगडी, मागे फ्रिज.

पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि ती उणे ४० डिग्रीलासुद्धा पेटण्याइतकी निघते, मग आपल्याकडच्या मे महिन्यात काय होत असेल बघा. वर ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे लादीवरून पाण्यासारखी सरकत जाते. खिडकी उघडली की झालं असं आपल्याला वाटतं पण खिडकी कमरेच्या वर आणि वाफ पायाशी. फ्रिज मधूनच 'टक' करून सुरू होतो ना, बऱ्याच फ्रिजमध्ये तो थर्मोस्टॅटचा कॉन्टॅक्ट जुळल्याचा आवाज, तेवढी ठिणगी पुरते.

माझंच सांगतो. एकदा मिक्सरचा खालचा भाग थिनरने पुसला, वास गेल्यासारखा वाटला (नाक सरावतं हो, वाफ तिथेच असते) म्हणून चालतोय का बघायला बटण दाबलं. मिक्सरच्या मोटरला कार्बनचे ब्रश असतात, मोटर फिरताना तिथे ठिणग्या उडतातच. भप्प! खालच्या झरोक्यांतून निळी ज्वाळ आली आणि मनगटावरचे केस गेले, निभावलं ते तेवढ्यावर.

आता तुमचा फॅन. मेन स्विच बंद करून पाती आणि जाळी काढा, गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड आणि मूठभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. पाती अॅल्युमिनियमची असतील तर सोडा नको, काळी पडतात. मोटरला पाणी लावू नका, फक्त कोरडं फडकं.

फ्रिजच्या गमला खोबरेल तेल. चोळा, अर्धा तास विसरून जा, मग अंगठ्याने वळ्या निघतात, शेवटी साबणाचं फडकं फिरवा की झालं. थिनरने प्लॅस्टिकची चमक जाते, दाराचं रबर कडक होतं आणि फ्रिजच्या आत लावलात तर तिथलं प्लॅस्टिक तडकू शकतं, शिवाय आत वाफ कोंडते ती वेगळीच.

तरी डाग हटेचना तर मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण तेही ज्वालाग्राही आहे, विसरू नका. आधी प्लग काढायचा, मग बाटली उघडायची, उलट नाही, कारण वाफेत प्लग ओढलात तरी ठिणगी पडते. शेगडी बंद, देवापुढचा दिवासुद्धा. फडक्याच्या टोकाला थोडंसं घ्या, वस्तूवर थेट ओतू नका, आणि पुसून झाल्यावर पूर्ण सुकेपर्यंत प्लग लावायचा नाही, मी तरी आता दोन तास हात लावत नाही. पुसलेलं फडकं वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, बाल्कनीत पसरून वाळवा. आणि चुकून पेट्रोलचा भडका उडालाच तर त्यावर पाणी नको, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

राहिलं ते मिस्टरांनी आणलेलं पेट्रोल. पाण्याच्या बाटलीत असेल तर आजच हलवा, मूल तहान लागली की बाटली बघून तोंडाला लावतं. मोरीत ओतू नका, गटारात वाफ साठते. अजून स्वच्छ असेल तर सरळ स्कूटरच्या टाकीत जाऊ दे, गाडी बंद करून, बाहेर.