ओळीतल्या जुन्या घरांचं बांधकामाचं साल कसं शोधायचं

वेस्ट यॉर्कशरमधली १४ घरांची विटांची ओळ. एजंट म्हणतो १८९० च्या आसपासची, एनर्जी सर्टिफिकेटच्या (घराच्या ऊर्जावापराच्या दाखल्याच्या) नोंदीत '१९०० पूर्वी'. नक्की साल कोणतं आणि बांधली कोणी, असा तुमचा प्रश्न आहे. सर्टिफिकेट पुरावा म्हणून धरू नका. तो वयोगट तपासनीस घर बघून अंदाजाने टाकतो.

सगळी ओळ एकदम उभी राहिली असंही गृहीत धरू नका. बेताच्या भांडवलावर काम करणारे बिल्डर दोन-चार घरं बांधायचे, ती विकून किंवा गहाण टाकून पुढची हाती घ्यायचे. म्हणून आधी मागच्या गल्लीत जाऊन मागची भिंत बघा. दर्शनी भागाला चांगली वीट असते आणि विटांमधल्या फटीही बऱ्याचदा नव्याने भरलेल्या असतात. दोन घरांच्या मध्ये पायापासून छपरापर्यंत सरळ उभा सांधा दिसला, विटा एकमेकींत गुंतलेल्या नसल्या, तर काम तिथे थांबून पुन्हा सुरू झालं असण्याची शक्यता दाट. चढाच्या रस्त्यावर मात्र सावध राहा. तिथे प्रत्येक घर थोडं वर सरकतं, त्यामुळे थर जुळत नाहीतच. अशा वेळी विटेचा रंग, धुराडी आणि दारावरच्या दगडी पट्ट्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना ताडून बघा. ओळ ६, ४, ४ अशी फुटली तर तीन सालं शोधायची आहेत. दगडी पाटीवर कोरलेलं सालही त्या गटापुरतंच धरा.

मग नकाशे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे इंग्लंडचे जुने नकाशेसुद्धा नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट दिसतात. समासात मोजणीचं आणि छपाईचं साल वेगवेगळं असतं, मोजणीचं घ्या. यॉर्कशरची गोम अशी, की मैलाला सहा इंचांचे नकाशे १८४०-५० च्या दशकांतले आणि पंचवीस इंचांचे थेट १८९० च्या आसपासचे. अशा ओळी बहुतेक मधल्या चाळीस वर्षांतच उभ्या राहिल्या.

ती फट जनगणना भरून काढते. २ एप्रिल १८७१, ३ एप्रिल १८८१ आणि ५ एप्रिल १८९१ या तीन नोंदी लागोपाठ वाचा. रिकाम्या आणि बांधकाम चालू असलेल्या घरांची नोंद वेगळ्या रकान्यात असते, ती चुकवू नका. तुमच्या रस्त्यावर बांधकामाची खूण सापडली तर साल जवळजवळ हातात आलं. फसगत होते ती पहिल्या रकान्यातल्या आकड्यावर. तो प्रत्येक कुटुंबाने भरलेल्या जनगणना-पत्रकाचा अनुक्रमांक, घराचा नंबर नव्हे. शिवाय प्रत्येक गटाला आधी स्वतःचं नाव आणि १ पासून नंबर असायचे, पुढे पालिकेने सगळा रस्ता नव्याने क्रमांकित केला असं सर्रास घडलं. त्यामुळे नंबरावर विसंबू नका. कोपऱ्यावरचा पब किंवा चॅपल पकडून गणनाकार कोणत्या दिशेने चालत गेला ते ठरवा आणि तिथून घरं मोजा.

बांधणारा सापडतो तो जमिनीच्या व्यवहारात, आणि इथे तुमचं नशीब चांगलं आहे. वेस्ट रायडिंगची, म्हणजे यॉर्कशरच्या जुन्या पश्चिम विभागाची, दस्त नोंदणी १७०४ पासून १९७० पर्यंत चालली. खंड वेकफील्डला आहेत. त्यात मूळ खत नसून बहुतेक त्याचा गोषवारा असतो, आणि सूची विकणाऱ्याच्या नावाने, म्हणून आधी नाव हवं. ते लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे सरकारी मालकी-नोंदणी कार्यालयाच्या, टायटल रजिस्टरमधून काढा. बोजांच्या भागात बऱ्याचदा जुन्या खताची तारीख, दोन्ही पक्षकारांची नावं आणि अटी उतरवलेल्या असतात. फक्त स्वतःच्या घराचं रजिस्टर मागवून थांबू नका; प्रत्येक गटातल्या एका घराचं मागवा. शेजारच्या रजिस्टरमध्ये जुनं खत उतरवलेलं असतं आणि तुमच्यात नसतं, असं पुष्कळदा होतं.

पालिकेकडे मंजुरीसाठी दिलेले बांधकाम आराखडे स्थानिक अभिलेखागारात मिळाले तर उत्तमच, पण मंजुरी म्हणजे बांधकाम नव्हे. नामंजूर झालेले, कधीच न बांधलेले आराखडेही त्याच गठ्ठ्यात असतात. घरपट्टीच्या वह्यांत घर पहिल्यांदा कधी येतं, ते बघून खात्री करा.

मालकीचे गट पडताळायला जमिनीवरच्या कराच्या १९१० च्या कायद्याखालच्या मूल्यांकनाच्या वह्या बघा. त्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आयआर ५८ या मालिकेत आहेत. सलग चार घरांचा मालक एकच निघाला आणि तो गट तुमच्या सांध्यांशी जुळला, तर विभागणी बरोबर असल्याचा तो चांगला पुरावा. नाव मिळूनही बिल्डर पुढे कुठेच दिसेनासा झाला तर लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात दिवाळखोरीच्या सूचना चाळा. या धंद्यात बुडणारे कमी नव्हते, आणि अर्धवट घरं दुसऱ्याने पूर्ण केली असतील तर त्याचा धागा तिथे लागू शकतो.