वरून निखारे, खालून निखारे

प्रिय चिमणे,

परवा शाळेतून आल्या आल्या तू विचारलंस, "बाबा, आपण मराठी माणसं सणाला काहीच बेक करत नाही का? सगळं तळतोच?" वर्गात प्रत्येकाने आपापल्या घरी सणासुदीला ओव्हनमध्ये काय होतं ते सांगायचं होतं आणि तुला काहीच सुचलं नाही. मी भांडी घासता घासता "अगं, आपल्याकडे ओव्हनच नसायचे" एवढंच म्हणालो. ते उत्तर अपुरं होतं, आणि एका अर्थी चुकीचंही. म्हणून हे पत्र. तुझ्या मराठी शाळेतल्या धड्यांपेक्षा लांबलचक झालंय, पण सावकाश वाच. अडेल तिथे मला हाक मार.

ओव्हन नव्हता हे खरं, पण भाजणं होतं. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, कोकणातल्या घरी पावसाळ्यात धोंडस करायची. श्रावण-भाद्रपदात वेलीवरची काकडी हाताएवढी लांब आणि जाड होते, साल पिवळट होते. तिला तिकडे तवसं म्हणतात. ते सोलून, जून बिया काढून किसायचं. किसाला सुटलेलं पाणी आजी एक थेंबही फेकू द्यायची नाही, कारण त्याच पाण्यात तांदळाचा रवा शिजायचा. रवा आधी तुपावर खमंग भाजून घेतलेला. मग गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची. मिश्रण घट्टसर झालं की जाड बुडाच्या पातेल्यात तळाला हळदीचं पान घालायचं आणि त्यावर ते ओतायचं.

आता खरी गंमत. चुलीवरच्या भांड्याला आच फक्त खालून लागते. तसंच ठेवलं तर बूड करपणार आणि वरचा भाग ओला राहणार. म्हणून आजी चुलीतला जाळ पुढे ओढून मागे नुसते निखारे ठेवायची, त्यावर पातेलं, पातेल्यावर खोलगट झाकण, आणि त्या झाकणातही निखारे. वरून निखारे, खालून निखारे. बंद जागेत चहूबाजूंनी सारखी उष्णता, हेच तर तुझ्या मैत्रिणींच्या घरचा ओव्हन करतो! वरच्या निखाऱ्यांवर राख धरली की आजी पंख्याने हलकेच वारा घालायची. घड्याळाकडे ती बघायची नाही. हळदीच्या पानाचा वास माजघरापर्यंत आला की म्हणायची, "झालं गो." तरीही लगेच कापायचं नाही. पूर्ण निवल्यावरच वड्या नीट पडतात, आणि आम्हा मुलांना ती दोन-तीन तासांची वाट भारी जड जायची.

शहरात आल्यावर चूल गेली, गॅस आला, आणि निखारेही गेले. पण तिथे बेकरीची भट्टी होती. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या आळीतल्या बायका घरी नानकटाईचं पीठ करायच्या. आई परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने फेसत बसायची, पांढरं हलकं होईपर्यंत, निदान वीस-पंचवीस मिनिटं. मग त्यात मैदा, थोडा रवा, चिमूटभर सोडा. गोळे करून, किंचित दाबून, वर एकेक चारोळी. ते गोळे पत्र्यांवर मांडायचे आणि पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचं काम माझं. पत्र्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवायची, नाहीतर आपली नानकटाई दुसऱ्याच्या घरी जायची.

बेकरीवाले आम्हाला पहाटे कधीच बोलवत नसत, पाव काढून झाल्यावरच बोलवत. पावाला भट्टी कडक लागते. पाव निघाले की ती हळूहळू उतरत जाते, आणि नानकटाईला अशी उतरती आचच हवी. जास्त झाली तर बाहेरून लाल आणि आतून कच्ची. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर पत्रा घेऊन ते आत सरकवायचे आणि मी दाराशी उभा राहून माझाच पत्रा कुठे गेला ते बघत राहायचो. म्हणजे बघ, दिवाळीची नानकटाई आमच्या घरची, पण ओव्हन सगळ्या आळीचा एक.

"सगळं तळतोच का?" हा तुझा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर मला आकाशात दिसतं. आपल्याकडे गणपती येतात भाद्रपदात, भर पावसात. हवा इतकी दमट असते की कुरकुरीत पदार्थ उघडा राहिला तर बघता बघता सादळतो. म्हणून त्या दिवसांत उकडीचे मोदक: वाफेवर शिजवायचे, त्याच दिवशी तूप घालून खायचे. दिवाळी येते पाऊस परतल्यावर, कोरड्या हवेत. तेव्हा चकली, शंकरपाळे, करंज्या डब्यात भरून पंधरा-पंधरा दिवस टिकतात, म्हणूनच ताटं भरून शेजारीपाजारी पाठवता येतात. संक्रांतीला थंडी असते, तर तीळ आणि गूळ; तिळात जवळजवळ निम्मं तेलच असतं, अंगाला तेच हवं असतं. पाडव्याला उन्हाळा लागलेला असतो, मग चक्का बांधून श्रीखंड, म्हणजे दूध तापवल्यानंतर चुलीजवळ फिरकायलाच नको. इथे डिसेंबरमध्ये बाहेर बर्फ असतो, ओव्हन चालू ठेवला की घर उबदार होतं, मग इथल्या सणात भाजणं येणारच. जिथली हवा, तिथलं पक्वान्न.

आणि हो, नाताळला ओव्हन लावणारी मराठी माणसंही आहेत. वसई आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं शतकानुशतकं राहतात. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. नाताळ हा शब्द त्यांचा, पाव हाही त्यांचाच. त्या घरांत सणाला रवा, खोबरं, बदाम आणि अंडी घालून केक भाजतात. तो केकही मराठी पक्वान्नच, हे वर्गात जरूर सांग.

तुझी आई म्हणते तसं आपण हल्ली करंज्या आणि शंकरपाळेही ओव्हनमध्ये करून बघतो. शंकरपाळ्यांचं मला पटतं. पिठात कडकडीत तुपाचं मोहन घालून चोळलं, मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका झाला, की ते भाजा नाहीतर तळा, खुसखुशीत होणारच. तूप पिठाच्या कणाकणाला लागलेलं असतं, त्यामुळे ते चिवट होत नाही. इथल्या पायच्या पारीतही लोणी याच कामासाठी चोळतात. पण भाजलेली चकली मला मान्य नाही. चकली गरम तेलात पडली की तिच्यातल्या पाण्याची झपाट्याने वाफ होते, बुडबुडे येतात, आणि त्या वाफेच्या वाटांनी ती आतून पोकळ, हलकी होते. ओव्हनमध्ये ती नुसती वाळते. चकलीला तेलच हवं, यावर मी तडजोड करणार नाही.

तर वर्गात सांगायला तुझ्याकडे धोंडस आहे. नुसतं सांगू नकोस, घेऊनच जा. इथे तवसं मिळणार नाही, पण साधी मोठी काकडी चालते. दोन वाट्या कीस, एक वाटी तांदळाचा रवा, एक वाटीला थोडा कमी गूळ, अर्धी वाटी खोबरं. हळदीच्या पानाऐवजी केळीचं पान, ते फ्रीझरमध्ये आहे. आपला ओव्हन १८० अंशांवर, साधारण पाऊण तास. अंडं नाही, मैदा नाही, त्यामुळे तुझ्या ज्या मैत्रिणीला गव्हाचं चालत नाही तिलाही देता येईल. तरी तिच्या आईला आधी विचारू.

शनिवारी सकाळी काकडी मी सोलतो, किसायचं काम तुझं. खाली भांडं धर, पाणी सांडू देऊ नकोस. गूळ मी आजच चिरून ठेवलाय.

तुझा,
बाबा