ज्यांत शेवटी भूतच निघत नाही, असे जुन्या अंधाऱ्या घरांचे भयविनोदी चित्रपट लोकांना का आवडतात?

माझ्या थोरल्या भावाला मी जेम्स व्हेल यांचा १९३२ सालचा 'द ओल्ड डार्क हाउस' हा चित्रपट हौसेने दाखवला, त्या रात्री त्याने तुमचाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारला होता. तेव्हापासून दर गणपतीत आमचा तोच वाद होतो, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

या चित्रपटात वेल्समध्ये भर पावसात दरड कोसळून रस्ता बंद होतो आणि काही प्रवासी एका आडरानातल्या घरात आसरा मागतात. दार उघडणारा मुका, दाढीवाला नोकर म्हणजे नट बोरिस कार्लॉफ. दारू पोटात गेली की तो कोणाला आवरत नाही. यजमान हाडकुळा आणि भित्रा आहे, तर त्याची बहिरी, कर्मठ बहीण पाहुण्यांना आल्या आल्याच बजावते की झोपायला खाटा मिळणार नाहीत. वरच्या मजल्यावर कोणाला तरी कोंडून ठेवलेले आहे. अशा स्थितीत मंडळी जेवायला बसतात आणि यजमान बटाटा घेण्याचा आग्रह अशा सुरात करतो की, ऐकणाऱ्याला विषाची शंका यावी. तरीही पाहुणे निमूटपणे घेतात, कारण वाढलेल्या पानावरून उठणे सभ्यपणाचे नसते. दादा तिथे खळखळून हसला. पुढे जिन्याच्या कठड्यावर नुसता एक हात दिसला, तेव्हा त्याने दोन्ही पाय सोफ्यावर ओढून घेतले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. चित्रपट संपल्यावर मात्र म्हणाला, "भूत कुठे होते?" या चित्रपटाची निगेटिव्ह, म्हणजे मूळ फिल्म, हरवली होती आणि १९६८ मध्ये दिग्दर्शक कर्टिस हॅरिंग्टन यांनी ती शोधून काढली, असे मी सांगितले, तर म्हणाला, "हरवली होती तेच बरे होते."

भूत नाही म्हणजे फसवणूक, हे मत मला पोरकट वाटते. जीव मुठीत धरून शिष्टाचार सांभाळणारी माणसे एकाच वेळी केविलवाणी आणि हास्यास्पद दिसतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. जॉन विलर्ड यांच्या १९२२ सालच्या 'द कॅट अँड द कॅनरी' या नाटकात मध्यरात्री मृत्युपत्र वाचले जाते आणि सगळा भुताटकीचा बनाव इस्टेटीसाठी केलेला निघतो. त्यावरच्या १९३९ च्या चित्रपटात तर विनोदी नट बॉब होप भीतीपोटी अखंड बडबडत राहतो. भुताच्या आडून नातेवाईक बाहेर यावा, याहून भयंकर काय असणार? भाऊबंदकी पाहिलेल्या आपल्या लोकांनी तरी ही तक्रार करू नये.

हे मान्य करते की, यांतले बरेच चित्रपट आज संथ वाटतात. 'द घोस्ट ब्रेकर्स' या अशाच चित्रपटात नट विली बेस्ट यांना घाबरट कृष्णवर्णीय नोकर म्हणून ज्या प्रकारे हसण्याचा विषय केले आहे, ते तर आता पाहवत नाही. त्यामुळे सुरुवात १९३२ च्या चित्रपटानेच करावी; त्याच नावाचा १९६३ चा चित्रपट नंतर पाहिला तरी चालेल. एकट्याने मात्र पाहू नये. भूत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या एखाद्या थोरल्या माणसाला शेजारी बसवावे आणि त्याच्या मतांपेक्षा त्याच्या पायांवर लक्ष ठेवावे. येत्या गणपतीत मी तेच करणार आहे.